आठपैकी तीनच भेटी झाल्या, साहेब

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी पहाटे पाचची एसटी धरून मी जिल्हा रुग्णालयात गेले. समुपदेशनाची चौथी भेट होती. खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, "मॅडमचं कंत्राट संपलं. नवीन ऑर्डर आली की कळेल." कुणाला, कसं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दारावर १० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाचं पोस्टर मात्र शाबूत: 'मन मोकळं करा'. कुठे करू? शिपायापाशी?

मला चिंतेचा आजार आहे, हे कळायलाच सहा वर्षं गेली. छातीत धडधड, हातपाय गार. ईसीजी काढला की नॉर्मल. सासूबाई म्हणायच्या, "रिकामपणाची दुखणी." दृष्ट काढून झाली, उपास झाले. पण भीतीपेक्षा वाईट तो राग. दिवसभर गिळायचा आणि संध्याकाळी पोराच्या हातून दूध सांडलं की त्याच्यावर काढायचा. मग रात्री तो झोपला की त्याच्या पायाशी बसून रडायचं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी आठ भेटी ठरवून दिल्या. वहीत चार रकाने: काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं, मी काय केलं. राग किती, ते दहापैकी लिहायचं. श्वास हळूहळू सोडायचा. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा दूध सांडलं. मी ओट्याला हात टेकून उभी राहिले आणि म्हटलं, "फडकं आण." पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. तुमच्या आढावा बैठकीत याला रकाना नसेल.

आठ भेटी, प्रत्येकी पाऊण तास. म्हणजे सहा तास. तुमचा एक उद्घाटनाचा दौरा याहून लांबतो! खिडकीवर सांगितलं, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. करीन हो, रात्रीपुरता धीरही येईल. पण अर्धवट राहिलेली वही कोण बघणार? खासगीत तासाला हजार-दीड हजार मागतात. माझ्या शिलाईचे आठवड्याला तेवढे सुटत नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ म्हणतं, सरकारी खर्चाने मानसिक उपचार हा हक्क आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९९६ चा, माझ्या लग्नाच्या आधीचा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत अशा आजारांचे १०० पैकी ८५ जण उपचाराविना होते. तेरा कोटींच्या राज्यात ते किती, तुम्हीच काढा. मी कशीबशी उरलेल्या पंधरांत आले होते.

आणि त्या मॅडमचं काय? आम्हाला मन सावरायला शिकवायचं आणि स्वतः अकरा महिने सरत आले की ऑर्डरची वाट बघायची. नर्स कंत्राटी, तंत्रज्ञ कंत्राटी, शिकवणारे कंत्राटी. आमदारांची पेन्शन तेवढी पक्की.

येत्या मंगळवारी त्याच एसटीने मी पुन्हा येते आहे. किल्ली कुणाकडे आहे, तेवढं तोवर कळवा.

आपली,
चौथ्या भेटीची रुग्ण