दाराखालून आलेली चिठ्ठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका ज्येष्ठ वाचकाने असा सल्ला दिला आहे की, वातावरण तापलेले असताना ख्रिस्ती लोकांनी घरगुती प्रार्थनासभा काही काळ बंद ठेवाव्यात. देवावर ज्याचा विश्वास आहे त्याला तो गाऊन-वाजवून दाखवावा लागत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. सल्ला चांगल्या मनाने दिला आहे याविषयी मला शंका नाही. मात्र आम्ही तो अगोदरच मानून पाहिला, आणि त्याचे पुढे काय झाले हे सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी मुंबईचा मराठी ख्रिस्ती. आजोबा नगर जिल्ह्यातून परळच्या गिरणीत कामाला आले, तेव्हापासून आम्ही येथलेच. आमची पंचवीस-तीस जणांची मंडळी मध्य रेल्वेवरील एका उपनगरात, चाळीतल्या एका खोलीत दर रविवारी सायंकाळी जमते. पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे, शास्त्रवाचन, पाळकसाहेबांचा उपदेश आणि शेवटी चहा, एवढाच कार्यक्रम असतो. जूनमध्ये चार-पाच तरुण दाराशी येऊन उभे राहिले आणि आवाजाचा त्रास होतो म्हणाले. आम्ही तबला बंद केला. पुढच्या खेपेला खिडक्या लावल्या आणि पेटी पिशवीत गेली. जुलैत सभेची वेळ बदलली आणि मुलांना घरी ठेवू लागलो. दर वेळी वाटे, आता यांचे समाधान होईल. ऑगस्टमध्ये वहीच्या रेघी कागदाची एक घडी दाराखालून आत सरकवलेली सापडली. तिच्यात आवाजाचा शब्दही नव्हता. सभा कायमची बंद करा, नाहीतर तुमच्या बायकांना स्टेशनवरून घरी पोहोचणे अवघड होईल, असे लिहिले होते. आणि खाली एक ओळ होती, ‘तुमचा देव सोडवायला येतो का ते बघू.’

ही शेवटची ओळ वाचून पाळकसाहेब म्हणाले, ‘हे तर रब-शाकेचेच बोलणे झाले.’

पवित्र शास्त्रातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, अठराव्या-एकोणिसाव्या अध्यायांत, ही हकीकत आहे. इसवी सनापूर्वी 701 च्या सुमारास अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून आला. आमच्या सभांतून यहूदाच्या हिज्कीया राजाची श्रद्धा नेहमी वाखाणली जाते. परंतु त्याने सुरुवातीला काय केले, हे सांगताना आम्ही जरा घाई करतो. त्याने ‘माझे चुकले’ असा निरोप पाठवला आणि तीनशे किक्कार (वजनाचे जुने माप) रुपे व तीस किक्कार सोने खंडणी म्हणून दिले, त्यासाठी मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्राही काढून दिला. खंडणी पोहोचली, तरीही फौज आलीच. आमच्या पिशवीतल्या पेटीकडे पाहून मला त्या दारांची आठवण झाली.

पुढचा भाग अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे. सन्हेरीबाचा दूत रब-शाके राजधानी यरुशलेमेच्या (जेरुसलेमच्या) तटाबाहेर उभा राहून मुद्दाम यहूदी भाषेत ओरडतो. ‘आमच्याशी अरामीत बोला, ती आम्हांला कळते,’ असे राजाचे अधिकारी विनवतात, तरी तो ऐकत नाही, कारण त्याचे बोलणे तटावर बसलेल्या सामान्य माणसांसाठीच असते. इतर राष्ट्रांच्या देवांनी कोणाला वाचवले, हा त्याचा सवाल आहे. राजाची आज्ञा होती, म्हणून लोक गप्प राहिले. मात्र त्या गप्प राहण्यात त्यांनी वेस उघडली नाही, हे ‘गप्प बसा’ असा सल्ला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. नंतर धमकीचे पत्र हाती आले, तेव्हा हिज्कीया ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवून प्रार्थनेला लागला.

आणि याच हिज्कीयाने शहराबाहेरचे झरे बुजवून पाणी आत आणले होते. सुमारे 533 मीटर लांबीचा तो खडकातला बोगदा आजही यरुशलेमेत आहे. दोन्ही टोकांकडून खणत आलेल्या माणसांना शेवटी एकमेकांच्या हाका कशा ऐकू आल्या, हे सांगणारा कोरीव लेख 1880 साली तेथेच सापडला. देवावर भरवसा म्हणजे हात बांधून बसणे, असे समजणाऱ्यांना हा बोगदा अडचणीचा आहे.

अश्शूरचा दरारा काय होता याची कल्पना हवी असेल, तर काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील अश्शुरी राजवाड्यांचे शिलापट्ट पाहावेत. सन्हेरीबाच्या स्वतःच्या लेखात सेहेचाळीस तटबंद नगरे घेतल्याची बढाई आहे. हिज्कीयाला मात्र पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडला, इतकेच तो म्हणतो, यरुशलेम घेतल्याचे म्हणत नाही. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्याच स्वारीत यहूदाचे लाखीश हे नगर पडले, आणि तेथेही प्रार्थना करणारे लोक असतीलच. त्यामुळे आमच्या केसालाही धक्का लागणार नाही, अशी हमी मी कोणाला देऊ शकत नाही, आणि भीती वाटत नाही असे म्हटले तर तेही खोटे ठरेल. सभा संपल्यावर स्त्रियांना स्टेशनपर्यंत सोडायला आम्ही दोघे-तिघे आता बरोबर जातो.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी चिठ्ठी सर्वांसमोर टेबलावर उघडी ठेवली आणि आम्ही गुडघे टेकले. लिहिणाऱ्याचे वाईट व्हावे असे कोणी मागितले नाही. एका आजींनी तर त्याच्या नोकरीसाठी प्रार्थना केली, याचे मला त्या वेळी थोडे हसू आले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीची छायाप्रत जोडून आम्ही पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. धर्मसभेत अडथळा आणणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 खाली गुन्हा आहे, आणि कलम 351 मध्ये निनावी धमकीसाठी वेगळी तरतूद आहे. संविधानाच्या अनुच्छेद 25 ने सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म आचरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. आवाजाचा नियम आम्हांलाही लागू आहे, तो आम्ही पाळू. तक्रार घेतली गेली, पण तिसऱ्या फेरीला.

आता सभा पूर्वीच्याच वेळी भरते आणि मुलेही येतात. परवाच्या रविवारी पेटी पिशवीतून बाहेर काढली, तेव्हा पावसाळ्याच्या ओलीने तिची एक पट्टी दाबली की वर येत नव्हती. वाजवणारा ती दर वेळी नखाने उचलत होता, आणि आम्ही तसेच पद म्हटले.

आपला नम्र,
एक वाचक, परळ, मुंबई