प्रागमध्ये आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या परभणीच्या मुलाला

प्रिय बाळा,

बाळा म्हणतेय कारण तुझं नाव विचारायचंच राहून गेलं. दीड-दोन तास आमच्याबरोबर फिरलास, परभणीचा आहेस हे कळलं, प्रागला शिकतोस हे कळलं, पण नाव नाही विचारलं आणि नंबरही नाही घेतला. परतीच्या ट्रेनमध्ये खिडकीतून एल्ब नदी दिसायला लागली तेव्हा तुझे काका एकदम म्हणाले, "अगं, त्या पोराचं नाव काय?" आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कुणीतरी तुझ्यापर्यंत पोचवेल.

जूनमधला गुरुवार होता बघ. आमची मुलगी ड्रेस्डेनला नोकरीला आहे, तिला ऑफिस, तर आम्ही दोघंच सकाळच्या गाडीने प्रागला आलेलो, अडीच तासांचा तर प्रवास. तिने निघताना हातात २०० युरो ठेवले आणि म्हणाली तिकडे युरो नाही, कोरुना चालतो, स्टेशनवर एटीएममधून काढा, कार्ड आहेच तुमच्याकडे. कार्ड होतंच. पेन्शनच्या खात्याचं. ते घेऊन मी निघायच्या आधी दोनदा इथे कराडच्या बँकेच्या शाखेत गेले होते आणि दोन्ही वेळा त्या टेबलावरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "मॅडम, वर्ल्डवाईड चालतं, काही टेन्शन नाही." चार्ज किती लागतो विचारलं तर म्हणे नॉमिनल. प्रागच्या स्टेशनवर कार्ड घातलं तर तीनदा बाहेर आलं. मुलीने ऑफिसमधून बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला, वीस मिनिटं नुसती ट्यून, मग फोन कट.

म्हणून तो चौकाजवळचा पैसे बदलून देणारा काउंटर. शून्य टक्के कमिशन असं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. २०० युरो दिले, ३,३०० कोरुना हातात आले, आम्हाला वाटलं झालं काम. पन्नास पावलं पुढे गेल्यावर दुसऱ्या एका दुकानाच्या बाहेर रेट बघितला आणि माझ्या पोटात गोळाच आला. पाच हजाराच्या आसपास मिळायला हवे होते. सतराशे कोरुना म्हणजे आपले सहा हजारांच्या वर रुपये, पाच मिनिटांत गेले. चौथीच्या पोरांना नफा-तोटा शिकवण्यात माझी नोकरी गेली रे, आणि तिथे काचेच्या आत त्या माणसाने नोटा सरकवल्या तेव्हा मला गुणाकार सुचला नाही. परत जाऊन विचारलं तर तो बघायलाच तयार नाही. बाजूने आपल्याकडचाच एक ग्रुप चाललेला, मराठी बोलत होते म्हणून मी थांबवलं, तर त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "आधी गूगल करून यायचं ना, इथे असंच असतं," आणि निघून गेले. मला पैसे गेल्याचं वाईट वाटलंच पण हे वाक्य जास्त लागलं, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही त्या घोड्यावरच्या पुतळ्याखाली जाऊन बसलो. आपल्याकडे स्टँडजवळ महाराजांचा असतो तसाच वाटला लांबून, म्हणून तिथे गेलो असू. तुझे काका एक अक्षर बोलत नव्हते. मी बोलत होते, मोठ्याने, वेळ तशी होती. आणि तू मागून येऊन म्हणालास, "काय झालं काकू, कामून टेन्शन घ्यायलाव?"

ते कामून ऐकून मला रडूच फुटलं.

तू पहिला प्रश्न काय विचारलास माहितीये? किती गेले हे नाही विचारलंस, कुठल्या काउंटरवर हेपण नंतर. तू विचारलंस, "काका, पावती हाय का?" यांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं, उतरेपर्यंत तिकीट टाकायचं नाही हे अंगात भिनलेलं, शर्टाच्या खिशातून घडी घातलेली पावती काढून दिली. त्यावर वेळ होती ११:०७. तू घड्याळ बघितलंस आणि हसलास, आणि सांगितलंस की इथे २०१९ पासून कायदाच आहे, हजार युरोपर्यंत बदललेले पैसे तीन तासांच्या आत त्याच काउंटरवर नेऊन व्यवहार रद्द करता येतो, कारणसुद्धा द्यावं लागत नाही. मला खरं वाटलं नाही. आपल्याकडे गेलेला पैसा परत येतो हे कुणी ऐकलंय का.

काउंटरवर काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, तू त्यांच्या भाषेत बोलत होतास, आवाज चढवला नाहीस, पावतीवर बोट ठेवून फक्त उभा राहिलास. त्या माणसाच्या कपाळावर आठ्या होत्या पण २०० युरो परत आले. तुझ्या काकांनी ते तीनदा मोजले. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "काकू, जिथं झिरो कमिशन मोठ्या अक्षरात लिहिलंय तिथं कमिशन रेटमधून कापत्यात." किती साधी गोष्ट, आणि शाखेतल्या त्या साहेबांना दोनदा विचारूनही अशी एक ओळ सांगता आली नव्हती.

पण मला ज्यासाठी हे पत्र लिहायचंय ती गोष्ट यानंतरची आहे.

तू म्हणालास युरो राहू द्या, जर्मनीत लागतील, कोरुना कार्डानेच काढू. तुझ्या फोनचं हॉटस्पॉट दिलंस, काकांना त्यांच्याच मोबाइलवर बँकेचं अॅप उघडायला लावलंस, आणि आतमध्ये कुठेतरी परदेशातल्या वापराचं बटण बंद होतं ते त्यांनी चालू केलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवीन कार्डं फक्त देशातच चालू असतात, बाहेरचं आपण स्वतः चालू करायचं असतं, एवढंच होतं सगळं. दोनदा गेलेले मी शाखेत! रस्त्यावरच्या झगमगीत मशीनपाशी थांबू दिलं नाहीस, एका बँकेच्या शाखेतल्या मशीनपर्यंत चालवत नेलंस. तुझ्या काकांनी कार्ड काढलं आणि तुझ्याच हातात द्यायला लागले. सकाळपासून इतके खचले होते की पिनसुद्धा सांगून मोकळे झाले असते.

तू हात मागे घेतलास. म्हणालास, "न्हाई काका, तुम्हीच घाला." आणि चार पावलं लांब जाऊन, हात पाठीमागे बांधून, आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलास.

आपल्याकडे पाठ फिरवली हे आपण कधी चांगल्या अर्थाने म्हणत नाही. त्या दिवशी सकाळपासून बऱ्याच जणांनी फिरवली होती. पण तू पाठ केलीस तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर यांचे खांदे सरळ झालेले मी पाहिले. चाळीस वर्षं संसार केलाय, तो माणूस कधी ताठ होतो आणि कधी वाकतो ते मला कळतं. सकाळी आमचे पैसे गेले होते पण त्याहून जास्त काहीतरी यांचं गेलं होतं, आपण म्हातारे झालो, आपल्याला आता कुणीही गंडवू शकतं, असं काहीतरी. तू मशीनची चार बटणं स्वतः दाबून मोकळा झाला असतास तर पैसे निघाले असतेच, पण ते परत आलं नसतं.

मग मशीनने काहीतरी विचारलं आणि यांनी तुला हाक मारली. स्क्रीनवर चक्क रुपयांत आकडा होता. परक्या मुलखात रुपया दिसला की किती बरं वाटतं, यांचं बोट त्या मोठ्या बटणाकडे चाललंच होतं. तू लांबूनच म्हणालास, "रुपयात विचारायलंय तर नको म्हणा काका, कोरुनातच राहू द्या, हिशोब आपली बँक करंल." रुपयांचा तो आकडा मशीनवाला स्वतःच्या रेटने लावतो आणि मधलं तो खातो, हे तू नंतर चालताना सांगितलंस. आपली बँक घेते ते वेगळंच, आमच्या कार्डाला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. घरी येऊन मी वहीत मांडलं, दहा हजारांवर ३५० आणि त्याचा अठरा टक्के ६३, म्हणजे ४१३ रुपये, शिवाय दर वेळी काढायचा ठरलेला चार्ज निराळा, म्हणून चिल्लर चिल्लर न काढता एकदाच काढा म्हणालास ते. याला नॉमिनल म्हणत होते ते साहेब. चार्ज घ्या, आमची तक्रार नाही, पण माणूस काउंटरवर येऊन विचारतोय तर तोंडाने सांगा तरी.

माहिती असलेली माणसं भरपूर भेटतात रे. ती सांगताना समोरच्याला लहान न करणारी किती भेटतात? माझ्या शाळेत एक बाई होत्या, पोराचं गणित चुकलं की पाटी हातात घ्यायच्या नाहीत, शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या तूच पूस. पंचवीस वर्षांनी मला त्या प्रागमध्ये आठवल्या. तुला घरी कुणी असं वाढवलं मला माहीत नाही, पण तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, खरंच सांग.

आता काकांचं ऐक. परत आल्यावर यांनी आमच्या इथल्या निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर हा विषय लावून धरलाय, कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची सून दुबईत, जो कुणी जायला निघेल त्याला धरून बसवतात, अॅप उघडायला लावतात, बटण चालू करायला लावतात आणि म्हणतात रुपयात विचारलं तर नको म्हणायचं. आणि तो पिन घालताना हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहतात. कुणाकडून शिकले ते मी कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतेय.

आणि एक राहिलंच. काउंटरवाल्याकडून निघालो तेव्हा आमच्याकडे कोरुनाचं एक नाणं शिल्लक नव्हतं आणि मला जायचं होतं, सकाळपासूनचं. मी यांच्या कानात बोलले, तू ऐकलं नसशीलच, पण मागे वळून न बघता तू माझ्या हातात वीस कोरुनाचं नाणं ठेवलंस आणि म्हणालास खाली मेट्रो स्टेशनात आहे काकू, तिथं नाणं लागतं. ते परत करायचं राहिलं. संध्याकाळी सुट्टे आले त्यात तसंच एक निघालं, पिवळं, त्यावर तोच घोडेस्वार आहे ज्याच्या खाली तू आम्हाला भेटलास. यांनी ते खर्च करू दिलं नाही. आमच्या कपाटात ठेवलंय, परभणीला जाता येता कराडला उतर आणि घेऊन जा. दोन दिवस राहायचंच म्हणून ये.

तुझी,
कराडची काकू