वाचन प्रेरणा दिन व दिवाळी अंक योजना
सर्व सभासदांना नमस्कार.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. त्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बालविभागात मुलांचे प्रकट वाचन आहे. आवडत्या पुस्तकाची दोनच पाने वाचायची; पाठांतर नको, भाषण तर नकोच. पालकांनी मागच्या बाकांवर बसावे आणि मधूनमधून उच्चार सुधारत बसू नये.

दिवाळी अंक योजनेची वर्गणी त्याच दिवसापासून देवघेव विभागात स्वीकारली जाईल. एका वेळी एकच अंक मिळेल, तीन दिवसांत परत करावा. कृपया शब्दकोडी अंकात पेनाने सोडवू नयेत, वहीत उतरवून घ्यावीत. पुढच्या वाचकालाही डोके खाजवायचे असते!

– ग्रंथपाल