शरीराची पुस्तकं ‘प्रेरणादायी’ म्हणून संपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत आजारपणावरच्या आणि अपंगत्वावरच्या पुस्तकांची ओळख आली होती. चार पुस्तकं, अर्धं पान. पान बघून आनंद झाला, वाचून मात्र वाईट वाटलं. ‘झुंज’ हा शब्द सात वेळा आला होता, ‘प्रेरणादायी’ पाच वेळा. मी पेन्सिल घेऊन मोजलं. त्या चार माणसांच्या शरीराला नेमकं काय झालं, ती उठायची कशी, अंघोळ कोण घालायचं, कुठे दुखायचं आणि कुठे काहीच कळायचं नाही, यातलं एक अक्षर त्या अर्ध्या पानात नव्हतं. मी ही पुस्तकं वाचते ती नेमकी त्याच अक्षरांसाठी.

मी कराडला ब्लाउज शिवते. २७ वर्षं झाली. रोज पाच-सहा बायका समोर उभ्या राहतात आणि मी टेप लावते. दोन बायकांचं माप सारखं येत नाही. एकाच बाईच्या दोन बाजूंचंही येत नाही. कडेवर मुलं वागवलेली बाई एका खांद्याला उतरलेली असते, भाकरी बडवणारीचा उजवा दंड अर्धा इंच जास्त भरतो. असं असूनही सहा वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा लक्षात आलं की इतक्या शरीरांना हात लावून मला स्वतःच्या शरीराबद्दल बोलायला शब्द नाहीत. दुकानात आम्ही ‘वरचं माप’ म्हणतो. घरात ‘छातीत काहीतरी आहे’ एवढंच म्हटलं. दवाखान्याच्या फाइलवर ‘लेफ्ट एमआरएम’ (डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढायचं ऑपरेशन) अशी तीन अक्षरं पडली, आणि पुढे सगळे त्या अक्षरांशीच बोलायला लागले.

ऑपरेशननंतर दीड महिन्याने मी माझा पहिला ब्लाउज कापायला घेतला. ते जरा सविस्तर सांगते. टक्स, म्हणजे कापडाला आतून शिवून घेतलेल्या चुण्या, घेतो ते उभारासाठी. उभार नसेल तर टक्सची जागा रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. म्हणून डाव्या भागाचे टक्स काढून टाकले. तर खालची कड उजव्यापेक्षा लांब आली, कारण उभारावरून जायला जे कापड लागतं ते डावीकडे आता लागत नव्हतं. पाऊण इंच कापलं. मग गळा डावीकडे उघडा पडायला लागला, तो वर घेतला. काखेतल्या गाठी काढल्यामुळे हाताला सूज यायची, म्हणून मुंढा (बाही जोडतो तो काखेचा गोल) आणि बाही सैल केली. आणि बाजूची शिवण नेमकी व्रणावर यायची, ती पुढे सरकवून आतून मलमलचं अस्तर दिलं. चार वेळा उसवलं. पाचव्यांदा अंगात घातला आणि हूक लावताना जाणवलं, की माझ्या या शरीराकडे इतकं नीट लक्ष देऊन ऑपरेशननंतर कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

असं नीट बघणारी पुस्तकं मला त्यानंतर भेटत गेली. वाचनालयातल्या ताईंनी पहिल्यांदा पद्मजा फाटक यांचं ‘हसरी किडनी अर्थात अठरा अक्षौहिणी’ हातात ठेवलं. किडनी बदलण्याची कहाणी आहे. नावातच अठरा अक्षौहिणी सैन्य आहे, तेव्हा युद्धाचे शब्द वाईटच असं मी म्हणणार नाही. ज्याचं शरीर त्याने हवा तो शब्द वापरावा. बाहेरच्याने तो शब्द पाठीवर थापटून देऊ नये, इतकंच.

मग कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाचलं. कोवळ्या वयात त्यांची कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेली. हे पुस्तक वाचलं आणि माझ्या एका गिऱ्हाइकाला मी वर्षानुवर्षं चुकीचे कपडे दिले हे मला कळलं. ती मुलगी चाकाच्या खुर्चीवर असते. तिची आई तिला धरून उभी करायची आणि मी उभ्याचं माप घ्यायचे, कारण माप उभ्यानेच घ्यायचं असं मी शिकले होते. पण ती दिवसभर बसलेली असते! बसल्यावर पाठीमागचं कापड खाली गोळा होतं, त्याच्या घड्या पडतात, त्या घडीवर, शिवणीच्या गाठीवर आठ-आठ तास वजन राहतं आणि कातडी सोलवटते. तुम्हाआम्हाला टोचतं, आपण सरकून बसतो. तिला ते कळतच नाही, जखम झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी दिसते. पुस्तक मिटल्यावर मी तिच्याकडे गेले आणि पहिल्यांदा आईला न विचारता तिला विचारलं. ती म्हणाली, “काकी, मागचा भाग बसते तिथपर्यंतच कापा ना.” तिला हे आधीपासून माहीत होतं. आता बसूनच माप घेते, मागे ना चेन, ना बटण, ना जाड शिवण.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ तुमच्या यादीत कधी येणार नाही, कारण ते दलित आत्मकथन म्हणून दुसऱ्या कप्प्यात ठेवलेलं असतं. मला ते शरीराचंच पुस्तक वाटतं. बाळंतिणीच्या पोटातल्या भुकेचं त्यांनी जे लिहिलंय ते वाचताना मी मशीन थांबवून बसले होते. आणि एक गोष्ट तर माझ्या धंद्यातली. महाराच्या बाईने लुगडं नेसताना त्याचा काठ दिसू द्यायचा नाही, निऱ्यांखाली दडवायचा. काठ दिसायचा तो फक्त वरच्या जातीच्या बायकांचा. मी आयुष्यभर काठ जुळवत आले. बाहीला काठ किती बोटं यावा यावरून बायका माझ्याशी वाद घालतात. एका काठाने कुणाच्या शरीराची पायरी ठरत होती, हे मला पन्नाशीला पुस्तकातून कळावं याचं फार वाईट वाटलं.

याच पुस्तकानंतर मी सोयराबाईंच्या अभंगाकडे गेले. चोखोबांच्या सोयराबाई, चौदाव्या शतकातल्या. “देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥” ऑपरेशननंतर कुशीतून एक नळी बाहेर काढलेली असते, तिला डबी लावतात, त्यात लालसर पाणी साठत राहतं. ती डबी मी कपड्याच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचे. भेटायला आलेली माणसं छताकडे बघून बोलायची. मीसुद्धा ती पदराखाली झाकायचे. आता वाटतं, तेव्हा हा अभंग माहीत असता तर झाकली नसती.

माझी भाची पुण्यात इंग्रजी शिकवते. सुट्टीत आली की मी हूक-काजं करत बसते आणि ती इंग्रजी पुस्तकं मराठीत सांगत जाते. ऑड्री लॉर्ड या अमेरिकेतल्या काळ्या कवयित्रीचं ‘द कॅन्सर जर्नल्स’ तिने असंच चार संध्याकाळी सांगितलं. पुस्तक १९८० सालचं. लॉर्डचा एक स्तन काढला. दवाखान्यात एक बाई आली आणि आत भरायला लोकरीची गादी देऊन गेली, फिकट गुलाबी रंगाची. लॉर्डच्या कातडीशी त्या रंगाचा काहीच संबंध नव्हता. हे ऐकलं आणि मी उठून कपाटातून अस्तराचा गठ्ठा काढला. आमच्या बाजारात ‘स्किन कलर’ म्हणून जे अस्तर मिळतं ते तसंच फिकट गुलाबी असतं. मी २७ वर्षं ते सावळ्या बायकांच्या ब्लाउजना लावत आले, कुणाची कातडी म्हणून लावत होते? आता दुकानदाराकडून चॉकलेटी आणि गव्हाळ तागे मागवून घेते.

टाके बघायला लॉर्ड गादी न लावता डॉक्टरांकडे गेली, तर नर्स म्हणाली की तुम्ही काहीतरी लावून यायला हवं होतं, नाहीतर दवाखान्यातल्या सगळ्यांचं मनोधैर्य खचतं. लॉर्डने गादी कधीच लावायची नाही असं ठरवलं. तिचा राग मला पटतो, तिचा निर्णय मात्र मी घेतला नाही. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं तर एका बाजूला वजन नसल्याने माझी पाठ आणि मान भरून यायची. कापूस भरून बघितला, तो हलका, कपडा वर सरकतो. शेवटी आईने माझ्या लेकीसाठी मोहरीची उशी केली होती ती आठवली. तशी मऊ पिशवी शिवली, मोहरी भरली, उजव्या बाजूशी जुळेपर्यंत मूठ-मूठ वाढवत गेले. कामाला बसताना घालते, घरी काढून ठेवते. लोकांना बरं दिसावं म्हणून घालत नाही, आणि पाहुणे आले म्हणून धावत जाऊन घालतही नाही.

एक गोष्ट अजून. ऑपरेशननंतर कित्येक महिने मला नसलेल्या स्तनाला खाज सुटायची. खाजवायला हात जायचा तर खाली सपाट. तपासणीला गेले तेव्हा सांगितलं, तर “मनाचे खेळ आहेत, मन रमवा” असं उत्तर मिळालं. मी घाबरले, डोक्यावर परिणाम झाला म्हणून कुणाला परत बोलले नाही. पुढे भाचीने डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांच्या १९९८च्या ‘फँटम्स इन द ब्रेन’मधलं सांगितलं. हात कापलेल्या माणसाच्या गालाला स्पर्श केला तर त्याला तो गेलेल्या हाताच्या बोटांवर जाणवतो, कारण मेंदूतल्या शरीराच्या नकाशात हाताची जागा चेहऱ्याच्या शेजारी असते आणि हात गेला तरी ती जागा राहते. अमेरिकेतल्या यादवीतल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल या डॉक्टरने १८७१ सालीच अशा नसून जाणवणाऱ्या अवयवाला ‘फँटम लिंब’ असं नाव दिलं होतं. म्हणजे कापड गेलं तरी पेपर कटिंग, मापाचा कागदी साचा, खिळ्याला टांगलेलं असतं. एवढं एक वाक्य वेळेवर कुणी सांगितलं असतं तर माझे ते महिने भीतीत गेले नसते.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या परीक्षणकर्त्यांनी अशा पुस्तकात शरीराचं जे नेमकं लिहिलेलं असतं, त्यातल्या निदान चार ओळी वाचकापर्यंत पोचवाव्यात. लेखिका किती धीराची, हे वाचक ठरवेल. दुसरी विनंती केमोच्या वॉर्डाबाहेरच्या बाकांसाठी. सकाळी आठला नंबर लावायचा, औषध चढून बाहेर पडायला दुपार टळते. तिथल्या टेबलावर औषधांच्या जाहिराती आणि चार वर्षांपूर्वीची मासिकं असतात. आपण पत्रातून आवाहन केलंत तर ही पुस्तकं वाचक देतील. माझ्या दोन प्रती मी आजच काढून ठेवल्या आहेत.

आणि ऑपरेशन झालेल्या कुणा वाचकभगिनीला ब्लाउज शिवून हवा असेल तर माझा पत्ता आपल्याकडे दिलेला आहे, तो जरूर द्यावा. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंचं वेगळं पेपर कटिंग माझ्याकडे तयार आहे. ऑपरेशनआधीचा मापाचा ब्लाउज आणू नका म्हणून मात्र सांगा, मी माप नव्याने घेईन.

आपली,
एक वाचक, कराड
(नाव व पत्ता स्वतंत्र कागदावर जोडला आहे.)