भरल्या गाडीने घाट उतरायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी सांगितले आहे आणि ती भरून काढण्यासाठी नवी प्रशिक्षण केंद्रे उघडण्याची चर्चा सुरू आहे. केंद्रे जरूर उघडावीत. परंतु तेथून बाहेर पडलेल्या तरुणाच्या हाती भरलेला ट्रक केव्हा आणि कोणाच्या देखरेखीखाली द्यायचा, हा प्रश्न या चर्चेत कोठेच दिसत नाही. मी पूर्वी चालक होतो आणि आता पिंपळगाव बसवंत परिसरातून न्हावाशेवा बंदराकडे कांदा नेणाऱ्या काही गाड्यांचा मालक आहे. नवे चालक कामावर घेताना जे दिसते, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

कायद्यानुसार मालवाहू वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी ३० दिवसांचा अभ्यासक्रम व प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १५ तास ठरवून दिले. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हीच मुदत सहा आठवडे आणि वर्गातले तास धरून ३८ तास अशी आहे, व तेथून उत्तीर्ण झालेल्यास आरटीओची वाहनचाचणीही द्यावी लागत नाही. हे तास कागदावर पूर्ण झाले असे धरले, तरी ते कोठे आणि कशावर झाले हे विचारायला हवे. माझ्याकडे येणारे बहुतेक उमेदवार सांगतात की शिकताना गाडी रिकामी होती, रस्ता सपाट होता आणि वेळ दिवसाची होती.

रिकामा ट्रक चालवता येणे आणि भरलेला ट्रक घाटातून खाली आणता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. कसारा घाट उतरण्यापूर्वी जुना चालक गाडी बाजूला घेऊन थांबतो, ब्रेकसाठीच्या हवेच्या दाबाचा काटा पाहतो, टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाज ऐकतो आणि उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकतो; कारण भरलेल्या गाडीने एकदा वेग घेतला की उतारावर गिअर बदलताना तो बसेलच याची खात्री नसते, आणि गिअर बसला नाही तर गाडी न्यूट्रलमध्येच धावत सुटते. त्यानंतर तो इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेकच्या (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणाऱ्या ब्रेकच्या) जोरावर गाडी रोखून धरतो आणि पायाचा ब्रेक अधूनमधून, थोडा वेळच लावतो. जो नवखा सबंध उतारभर ब्रेकवर पाय ठेवतो, त्याच्या ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांवर घासणारे लायनर जळल्याचा वास येतो आणि खालच्या वळणावर गरज असते नेमक्या त्याच वेळी ब्रेक पकडत नाही. अशा अपघाताची नोंद 'ब्रेक फेल' अशी होते. प्रत्यक्षात चूक कित्येकदा घाटाच्या माथ्यावरच झालेली असते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकने ४८ वाहनांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचे प्राथमिक तपासाच्या आधारे वृत्तपत्रांत आले होते. हे वाचून चालकाला बेजबाबदार ठरवणे सोपे आहे. तो असे का करतो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आमच्या धंद्यात अनेक ठिकाणी फेरीमागे ठरावीक डिझेल दिले जाते आणि वाचेल ते चालकाचे, अशी पद्धत आहे. पगार तुटपुंजा असल्यामुळे तो उतारावरच डिझेल वाचवू पाहतो. आजच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते, म्हणजे न्यूट्रलने काहीच वाचत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग काही जण चावी फिरवून इंजिनच बंद करतात. त्या क्षणी पॉवर स्टिअरिंग जड होते आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, त्यामुळे दर वेळी ब्रेक दाबताना टाकीतली हवा कमी होत जाते. प्रशिक्षणाने ही समजूत दूर होईल. पण वाचलेल्या डिझेलवर चालकाची कमाई ठेवणारे आम्ही मालक ती पद्धत बंद करणार नसलो, तर वर्गात शिकवलेले पहिल्याच फेरीत विसरले जाईल.

पूर्वी हे सारे क्लीनरच्या जागेवर बसून शिकले जात असे. मुलगा उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे काढायचा. ताडपत्री आणि रस्सा बांधणे, माल एका बाजूला कलला आहे का ते ओळखणे, मागे घेताना इशारा देणे, हवेची गळती कानाने शोधणे, हे सगळे हातात स्टिअरिंग येण्याआधी त्याच्या अंगवळणी पडत असे. त्या पद्धतीत दोषही मोठे होते. परवाना नसलेल्या पोराच्या हाती रात्री मोकळ्या महामार्गावर गाडी दिली जायची, शिव्या आणि मार ठरलेला असायचा आणि उस्तादाच्या वाईट सवयीही जशाच्या तशा उचलल्या जायच्या. तरीही दुसऱ्याच्या शेजारी बसून घाट, पाऊस, धुके आणि झोप यांचा अनुभव त्याला मिळत होता. आता खर्च वाचवण्यासाठी बहुतेक गाड्यांवरून क्लीनर गेला, आणि त्याच्याबरोबर गेलेल्या शिक्षणाची जागा कशानेही भरून निघालेली नाही. आज अनेक जण पिकअपवरून थेट मोठ्या ट्रकवर येतात. साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेल, पण त्यामुळे मालवाहतुकीचे वेगळे शिक्षण न घेतलेल्यांची संख्या वाढणार, हे धरून चालले पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, अवजड परवाना मिळाल्यानंतरचे पहिले सहा महिने नव्या चालकाने अनुभवी चालकाच्या सोबतच गाडी चालवावी. त्याचे काम उमेदवारी म्हणून नोंदले जावे, त्याला दरमहा विद्यावेतन मिळावे आणि त्याच्या नोंदवहीत भरल्या गाडीने उतरलेले घाट, पावसातील फेऱ्या व रात्रीचे तास शिकवणाऱ्या चालकाच्या सहीने लिहिले जावेत. शिकवणाऱ्यालाही वेगळा भत्ता हवा. तो फुकट शिकवील अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि चांगला चालक चांगला शिक्षक असतोच असे नाही, त्यामुळे त्याची निवडही पारखून व्हावी. एसटीत निवड झालेल्या चालकालाही प्रशिक्षण दिल्याशिवाय मार्गावर एकटे पाठवत नाहीत. प्रवाशांच्या बाबतीत जी काळजी आपण घेतो, ती त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रकच्या बाबतीत का घेत नाही, हे मला समजत नाही.

या उमेदवारीत विश्रांतीचे नियमही प्रत्यक्ष पाळून दाखवावे लागतील. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला कमाल आठ तास कामाची आणि सलग पाच तास कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद होती. नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सलग रात्रभर गाडी चालवायला लावली, तर तो तेच नेहमीचे समजून बसतो.

माझ्यासारख्या दोन-चार गाड्यांच्या मालकाला दोन माणसांचा पगार परवडत नाही, ही अडचण खरी आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा भाग केंद्र सरकार उचलते. लहान मालकांना तालुका पातळीवरील वाहतूकदार संघटनांमार्फत एकत्र नोंदणी करू देऊन ही मदत अवजड वाहनांच्या उमेदवारीसाठी वाढवावी, आणि नोंदवही पूर्ण केलेल्या चालकाच्या गाडीला विम्याच्या हप्त्यात सवलत मिळावी. राज्याच्या परिवहन आयुक्तांनी नाशिक, पुणे व रायगड या घाटांच्या जिल्ह्यांपासून याची सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक ट्रकमालक व माजी चालक,
पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक