वंदे भारत आली, आता जालना-संभाजीनगर मेमूचं पण बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

वंदे भारत नांदेडपर्यंत गेली, हारतुरे झाले, पेपरात फोटो आले, चांगलंच झालं, आमची काही पोटदुखी नाही. डिसेंबर २०२३ ला ती जालन्याहून सुरू झाली तेव्हा स्टेशनवर बघायला गेलेल्या गर्दीत आम्ही पण होतो. पण ती गाडी बदनापूरला थांबत नाही, करमाडला थांबत नाही, तिला जनरल डबा नाही आणि पास चालत नाही. म्हणजे रोज अपडाऊन करणाऱ्यासाठी ती फक्त बघायलाच. त्याला पाहिजे मेमू, म्हणजे जवळच्या अंतराची, विजेवर चालणारी लोकलसारखी गाडी.

जालना ते संभाजीनगर रेल्वेनं जेमतेम ६०-६५ किलोमीटर. इकडून तिकडं कोण जातं बघा, शिक्षक, बँकवाले, चिकलठाणा अन् शेंद्रा एमआयडीसीतली पोरं, विद्यापीठात शिकणारे, घाटी दवाखान्यात पेशंट घेऊन जाणारे, खंडपीठात तारखेला जाणारे खेड्यातले पक्षकार, आणि तिकडून जालन्याच्या स्टील कारखान्यांत अन् बियाण्याच्या कंपन्यांत कामाला येणारे वेगळेच. एवढी माणसं रोज जालना रोडवर काळी-पिवळीत कोंबून नाहीतर मोटारसायकलवर ट्रकच्या मधून जायलीत. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं ते फार चांगलं झालं, पण गर्दी वाढली तशा गाड्या वाढल्या नाहीत. समृद्धी महामार्ग आहे, तो कारवाल्याला.

आता कोणी म्हणेल गाड्या तर आहेत की. आहेत, देवगिरी आहे, तपोवन आहे, मराठवाडा एक्सप्रेस आहे, पण त्यांच्या वेळा लावल्यात मुंबई, सिकंदराबाद नाहीतर मनमाड बघून. लांबून येणारी गाडी पाऊण तास लेट झाली तर मुंबईच्या माणसाला फार फरक पडत नाही, पण दहाच्या ड्युटीवाल्याचा अर्धा दिवस जातो, म्हणून तो पास काढतच नाही, आणि मग वरून ऐकायला मिळतं की या पट्ट्यात प्रवासी नाहीत. दुकान बंद ठेवायचं आणि म्हणायचं गिऱ्हाईक येत नाही!

कोरोनानं तर होती ती सवयही मोडली. पॅसेंजर बंद झाल्या, नंतर सुरू झाल्या त्या एक्सप्रेसचं भाडं लावून, म्हणजे कमीत कमी १० रुपयांचं तिकीट ३० रुपये. ते परत खाली यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं, तोवर लोकांनी हप्त्यावर गाड्या घेऊन टाकल्या.

खरी अडचण सगळ्यांना माहितेय, लाइन एकेरी. समोरून गाडी आली की एकीनं स्टेशनात बाजूच्या रुळावर, लूपला, थांबायचं, आणि थांबायची पाळी नेहमी पॅसेंजरवर, एक्सप्रेस आधी, कधीकधी मालगाडी पण आधी. परभणी-मुदखेड दुहेरी झालं, अंकाई-संभाजीनगर मंजूर आहे, आणि ३१ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं संभाजीनगर-परभणी १७७ किलोमीटरलाही मंजुरी दिली, खर्च २,१७९ कोटी. पण मंजुरी आणि रूळ यात किती वर्षं जातात हे मराठवाड्याला कोणी सांगायची गरज नाही. मीटरगेजची ब्रॉडगेज करून घ्यायला स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेला किती झगडावं लागलं ते जुन्या लोकांना विचारा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की या १७७ किलोमीटरमधला संभाजीनगर-जालना तुकडा आधी हाती घ्या आणि झाला की लगेच चालू करा, परभणीपर्यंतचं सगळं काम संपायची वाट बघू नका. सगळ्यात जास्त रोजची माणसं याच तुकड्यात आहेत. आणि दुसरी लाइन टाकताना मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड, बदनापूरला दोन्ही बाजूला नीट प्लॅटफॉर्म आणि पादचारी पूल करा, नाहीतर लोक रूळ ओलांडूनच गाडी धरणार.

तोवर काय? तोवर सकाळ-संध्याकाळ एक मेमू. लाइनवर विजेच्या तारा टाकून झाल्यात, वंदे भारत त्यावरच पळायली, मग मेमूलाच काय अडचण? मेमूला दोन्ही टोकाला ड्रायव्हरची केबिन असते, इंजिन काढून पलीकडं लावायची भानगड नाही, आणि मोटर असलेले डबे मधे मधे असल्यानं ती पटकन वेग घेते, त्यामुळं चार-पाच स्टॉप घेऊनही फार वेळ खात नाही. रात्री गाडी जालन्यात मुक्कामी ठेवा, म्हणजे लांबून येणाऱ्या कोणत्या गाडीच्या लेटमध्ये ती अडकणार नाही, सकाळी टायमावर सुटेल. एकेरी लाइनवर पाथ, म्हणजे गाडी सोडायला मोकळी वेळ, नाही हे उत्तर मला माहितेय, पण त्याच दिशेनं जाणाऱ्या एक्सप्रेसच्या मागोमाग सोडली तर क्रॉसिंग फार वाढत नाही. दिवसभर नका देऊ, दहाच्या ड्युटीला पोचवा आणि संध्याकाळी सहानंतर परत आणा, बास. जमलं तर पुढं लासूर, रोटेगावपर्यंत न्या, वैजापूरकडची पोरं पण कॉलेजला याच शहरात येतात.

स्टेशनबाहेरचं पण बघावं लागेल. करमाडहून शेंद्र्यात जायला शिफ्टच्या टायमाला बस नसेल तर माणूस गाडीनं येऊन करणार काय, तेव्हा स्मार्ट सिटी बसवाल्यांनी आणि रेल्वेनं एकदा समोरासमोर बसून वेळा जुळवाव्यात, याला तर रुपया लागत नाही.

आपल्या पेपरानं जालना आणि संभाजीनगरच्या दोन्ही खासदारांना जाहीर विचारावं, दुहेरीकरणाचा कोणता तुकडा आधी होणार, आणि सकाळच्या मेमूसाठी रेल्वेकडं लेखी मागणी गेलीय का, गेली असेल तर उत्तर काय आलं. ते उत्तर छापा, आम्ही कात्रण डब्यात चिकटवतो.

आपला,
एक अपडाऊनवाला, जालना