मंत्रिमहोदय, लाकूड साइटवरच वेगळं करा

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी पांढऱ्या कोळशाचा छोटा कारखाना चालवतो. भुसा, पाचट, भुईमुगाची टरफलं दाबून कांड्या करतो, त्या बॉयलरला जातात. गेल्या मंगळवारी चिपरमधून, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून, उडालेला चार इंची खिळा माझ्या डाव्या भुवईवर बसला. सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असता तर डोळा गेला होता.

हा खिळा पाडलेल्या इमारतीच्या राडारोड्यातला. वर्षभरापूर्वी आमच्या शहरात बैठक झाली आणि शब्द मिळाला, की लाकूड साइटवरच वेगळं काढून, खिळे उपसून तुमच्या दारात देऊ. त्या शब्दावर मी ११ लाखांचं कर्ज काढून चिपर घेतला. दारात आल्या त्या प्लास्टरच्या ढेपा, पीव्हीसीचे तुकडे, संडासाची फुटकी भांडी, आणि त्यांत गाडलेले सागवानी वासे. तीस-चाळीस गाड्या तरी झाल्या असतील. माझी बायको रात्री बारापर्यंत चुंबक फिरवत बसते. पाती दोनदा बदलली, हप्ता थकला, बँकेचा फोन रोज येतो.

त्या ढिगात जुन्या वाड्याची एक चौकट होती. समोरून निळ्या ऑइलपेंटचे पापुद्रे, मागून कोरं सागवान, हाताला अजून तेलकट लागणारं. कोरडं लाकूड किलोला साडेतीन-चार हजार किलोकॅलरी देतं. आपल्या वीजकेंद्रांतला कोळसा याहून फार काय देतो? पण ती निळी बाजू मी जाळणार नाही. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगातलं शिसं शेजारच्या पोरांच्या छातीत घालू का? रंगवलेलं वेगळं, प्लाय वेगळा, कोरं वेगळं, एवढंच मागतोय. हे काम इमारत उतरवतानाच होतं. एकदा जेसीबी फिरला की त्या लाकडाचं इंधन होत नाही, कचराच होतो.

बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लिहिलंच होतं ना? दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन काढणाऱ्याने लाकूड, लोखंड, काँक्रीट, माती वेगळी करायची. एकालाही दंड झालेला मी पाहिला नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत बांधकाम करणाऱ्यावर टाकलेली कचऱ्याची जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांना. आमच्याकडे पडतात ते वाडे आणि तीन मजली सोसायट्या. त्यांचं लाकूड कुणी वेगळं करायचं?

मुंबईच्या बेकऱ्यांना उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडायला सांगितलं. तिथेही पाडकामाचं भंगार लाकूड भट्टीत जात होतं. पाववाल्याला मुदत, बिल्डरला मुदतवाढ! आमच्या शहरात राडारोडा वाहण्याचा ठेका टनावर आहे. जितकी माती जास्त, तितकं बिल मोठं. मग वेगळं कोण करणार? मी तक्रार केली, दोन दिवसांत मोबाइलवर 'निराकरण झाले' आलं. ढीग तिथेच आहे. कुणाचं निराकरण झालं, साहेब? या राज्यात फोटो काढला की काम झालं, आणि कर भरणाऱ्याने टाके घालून घरी बसायचं.

पाडकामाची परवानगी देतानाच लाकूड उतरवण्याची अट घाला, आणि त्याची पावती पाहिल्याशिवाय बांधकाम सुरू करू देऊ नका.

टाके शुक्रवारी काढायचेत. त्याच दिवशी पुढची गाडी पाठवतो, असा निरोप आलाय. मी ती उतरवून घेणार नाही.

आपला,
एक पांढरा कोळसावाला